वरच्या सुरांचा सांधा: छातीचा आणि डोक्याचा आवाज एक करण्याचा रियाज

गाणाऱ्या बहुतेकांना ही अडचण ओळखीची असते. मध्य सप्तकात आवाज भरदार आणि मोकळा लागतो, पण वर चढत गेलं की एका ठरावीक सुराशी गळा आवळतो. तिथे मग दोनच मार्ग दिसतात. जोर लावून तो सूर गाठायचा, म्हणजे जवळपास ओरडायचं, नाहीतर आवाज एकदम पातळ आणि फुसका होऊ द्यायचा. पहिल्याने गळा शिणतो. दुसऱ्याने ओळीच्या मध्यावर गायकच बदलल्यासारखं वाटतं.

या दोन्हींच्या मधला आवाज तयार करता येतो. पाश्चात्त्य गायनशिक्षणात त्याला मिक्स्ड व्हॉइस म्हणतात आणि आपल्याकडचे तरुण गायक त्याला नुसतं ‘मिक्स’ म्हणतात. छातीच्या आवाजाचा भरीवपणा आणि डोक्याच्या आवाजाचा हलकेपणा त्यात एकत्र असतो. निरोगी गळ्याला तो सरावाने साधतो. मात्र त्यासाठी एक गोष्ट आधी मान्य करावी लागते: काही काळ वरचे सूर हळू गायचे. ज्याला हळू आवाजात वर जाता येत नाही, त्याला मोठ्या आवाजात सुरक्षितपणे वर जाता येणार नाही. या लेखातला सगळा रियाज या एका गोष्टीवर उभा आहे.

गळ्यात काय घडतं

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त मंद्र, मध्य आणि तार या तीन स्थानांची जागा अनुक्रमे हृदय, कंठ आणि मस्तक अशी सांगितली. गाणाऱ्याला आपल्या अंगात जे जाणवतं, त्याचं हे नेमकं वर्णन आहे. खालचे सूर छातीत थरथरतात, वरचे कपाळाशी आणि टाळूच्या मागे जाणवतात. ‘छातीचा’ आणि ‘डोक्याचा’ ही नावंही याच जाणिवेतून आली. आवाज तयार होतो तो मात्र दोन्ही वेळा एकाच ठिकाणी, स्वरयंत्रात.

मॅन्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनगुरूने १८५४ मध्ये छोट्या आरशाच्या आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने गाताना स्वतःचे स्वरतंतू पाहिले आणि १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ती निरीक्षणं मांडली. गळा आतून पाहण्याच्या आजच्या तपासणीची वाट त्यातून मोकळी झाली. आज आपल्याला पुढचं चित्र माहीत आहे. स्वरतंतू म्हणजे स्नायू आणि नाजूक आवरण यांच्या दोन घड्या असतात. त्यांच्या आतला स्नायू, थायरोअरिटेनॉइड, आकसला की घड्या आखूड आणि जाड होतात, एकमेकींना पूर्ण उंचीने भिडतात आणि आवाज भरदार लागतो. हा छातीचा आवाज. बाहेरच्या बाजूचा क्रिकोथायरॉइड हा स्नायू त्या घड्या ताणून लांब आणि पातळ करतो. सूर चढतो तो याच्यामुळे. तो वरचढ झाला आणि आतला स्नायू सैलावला की डोक्याचा आवाज लागतो.

वर जाताना आतल्या स्नायूने आपली पकड थोडी थोडी सोडायला हवी. ती सोडलीच नाही तर ताण साठत जातो आणि गळा आवळतो. साठलेली पकड एकदम सुटली की आवाज चिरकतो. कावड वाहणारा माणूस चालता चालता खांदा बदलतो तेव्हा क्षणभर ओझं दोन्ही खांद्यांवर असतं आणि पाऊल थांबत नाही. दोन स्नायूंनी सूर असाच एकमेकांकडे सोपवायचा असतो.

म्हणून मिक्स हा कुठेतरी दडलेला तिसरा आवाज आहे, असं समजून त्याचा शोध घेऊ नका. फ्रेंच संशोधकांनी २००४ मध्ये स्वरतंतूंच्या हालचाली मोजल्या तेव्हा मिश्र आवाजासाठी कंपनांची वेगळी, स्वतंत्र तऱ्हा आढळली नाही. गायक छातीच्या किंवा डोक्याच्या आवाजाच्या तऱ्हेतच गात होते, पण त्याचा जाडपणा, जोर आणि घुमारा असा बदलत होते की ऐकणाऱ्याला सांधा कळत नव्हता.

तुमचा सांधा कुठे आहे

ज्या सुरांच्या टापूत हा बदल होतो त्याला आपण सांधा म्हणू. गंमत अशी की स्त्री आणि पुरुष यांच्या पट्ट्या वेगळ्या असल्या तरी हा टापू दोघांतही साधारण एकाच उंचीवर, ढोबळमानाने २९० ते ३९० हर्ट्झच्या दरम्यान असतो. फरक पडतो तो त्या उंचीवर तुमचा कोणता स्वर येतो यात.

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तार षड्ज सुमारे २७७ हर्ट्झला, तार गंधार ३४९ ला आणि तार मध्यम ३७० ला येतो. म्हणजे त्याची अडचण तार षड्जाच्या पुढे सुरू होते आणि गंधार-मध्यमाशी सगळ्यात जास्त जाणवते. काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा मध्य धैवत ३४९ हर्ट्झला आणि तार षड्ज ४१५ ला येतो. तिचा सांधा धैवत-निषादाशीच, तार षड्जाच्या अलीकडे असतो. म्हणून अनेक मुलींना निषादावरून षड्जावर जाताना कस लागतो आणि त्यातून पुढे गेल्यावर उलट मोकळं वाटतं.

पट्टी बदलली की अडचणीचा स्वरही बदलतो, हे लक्षात ठेवा. गळ्यातली जागा तीच असते. काळी एक सोडून काळी दोनमध्ये गायला लागलात की गंधाराशी येणारा अडथळा रिषभाशी येऊ लागेल. ‘माझा गंधार कच्चा आहे’ असं समजून गंधारच घोटत बसणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

सांधा शोधायला ‘ऊ’ या स्वरावर अगदी हळू, मींड घेतल्यासारखं खालून वर आणि वरून खाली जा. आवाज कुठे अडखळतो ते पेटीवर किंवा मोबाइलमधल्या ट्यूनरवर पाहून लिहून ठेवा. चढताना आणि उतरताना ही जागा वेगवेगळी येते. दोन्ही नोंदवा.

तुम्ही कोणत्या गटात आहात

सांध्याशी गायक दोन प्रकारे वागतात आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत. म्हणून रियाज सुरू करण्याआधी स्वतःचं गाणं ध्वनिमुद्रित करून ऐका.

पहिला गट छातीचा आवाज तसाच वर ओढणाऱ्यांचा. सूर चढतो तसा आवाज मोठा होतो, हनुवटी उचलली जाते, मानेच्या शिरा दिसतात, कंठमणी वर सरकतो आणि शेवटचा सूर किंचित उतरलेला लागतो. खुल्या आवाजाचा आग्रह ऐकत वाढलेले विद्यार्थी आणि भजनात वरच्या पट्टीत गाणारे यांच्यापैकी बरेच जण या गटात असतात.

दुसरा गट सांध्याशी आवाज सोडून देणाऱ्यांचा. वरचे सूर लागतात, पण त्यात हवा मिसळलेली असते, शब्द विरघळतात आणि तिथून खाली येताना आवाज पुन्हा धपकन जाड होतो. स्वरतंतू तिथे नीट मिटत नाहीत.

पहिल्या गटाला सोडायला शिकायचं आहे, दुसऱ्याला धरायला. एकाचा व्यायाम दुसऱ्याने केला तर दोष वाढतो. व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांची प्रगती अडते ती बरेचदा इथेच.

पाया: सगळ्यांसाठी

पहिला व्यायाम स्ट्रॉचा. साधी स्ट्रॉ ओठांत धरा, ओठांच्या कडेने हवा सुटू देऊ नका आणि तिच्यातून ‘ऊ’ गुणगुणत हळूहळू वर-खाली जा. स्ट्रॉचं टोक पेल्यातल्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवलं तर बुडबुडे एकसारखे येतात की नाही ते दिसतं. बुडबुडे उसळले तर हवा जास्त जाते आहे. तोंड अर्धवट बंद असताना हवेचा उलट दाब स्वरतंतूंवर येतो, त्यामुळे ते कमी आघाताने भिडतात आणि सांधा ओलांडणं सोपं जातं. इंगो टिट्झ या अमेरिकेतल्या आवाजशास्त्रज्ञाने या पद्धतीचा पुष्कळ अभ्यास आणि प्रसार केला आहे. मुलं गाडीचा आवाज काढताना ओठ फडफडवतात तो प्रकार, किंवा मिटल्या ओठांनी केलेला ‘म्’कार यांचाही उपयोग असाच होतो. भ्रामरी करणाऱ्यांना तो ‘म्’ परिचयाचा असेल. इथे फक्त त्याला सांध्यातून वर-खाली फिरवायचं.

यावर ‘सा रे ग म प म ग रे सा’ हा साधा अलंकार घ्या. एकदा झाला की पेटीवर लगतची पुढची पट्टी सा म्हणून धरा आणि तोच अलंकार पुन्हा करा. सांध्याच्या पुढे तीन-चार पट्ट्या गेलात की परत फिरा. आवाज चिरकला तर थांबू नका आणि जोरही वाढवू नका. त्याच पट्टीत आणखी हळू करा.

दुसरा व्यायाम उतरण्याचा. सांध्याच्या बराच वर, हलक्या डोक्याच्या आवाजात ‘हू’ लावा आणि तिथून पाच स्वर सावकाश खाली या. खाली येताना आवाज जाड करण्याचा मोह होईल. तो आवरा. हलका आवाज सांध्याच्या खाली दोन-तीन स्वरांपर्यंत तसाच आणायचा. चढताना सवय आपल्याला जाडपणाकडे खेचते. उतरताना हलकेपणा आधीच हातात असतो, म्हणून दोन आवाज इथे सहज मिसळतात. मिक्सची पहिली चाहूल बहुतेकांना आरोहात न लागता अवरोहात लागते.

पुरुषांना इथे संकोच वाटतो. हा आवाज बायकी आहे, खोटा आहे, असं त्यांच्या कानावर पडलेलं असतं. हा संकोच सोडायलाच हवा. क्रिकोथायरॉइड हा स्नायू तुमच्याच गळ्यातला आहे आणि तो कधी वापरलाच नाही तर दुबळा राहतो. मैफलीत हा आवाज तुम्ही लावा किंवा लावू नका, रियाजात तो रोज लागला पाहिजे.

पहिल्या गटासाठी: सोडण्याचा रियाज

‘ऊ’ आणि ‘ओ’ हे स्वर तुमचे मित्र आहेत. त्यामागचं कारण समजून घेतलं तर रियाज डोळसपणे होईल. प्रत्येक स्वरोच्चाराला तोंड आणि घशाची पोकळी आपापल्या उंचीवर घुमते. पुरुषाच्या ‘आ’चा हा घुमारा साधारण ७०० हर्ट्झच्या आसपास असतो. काळी एकचा तार गंधार ३४९ हर्ट्झचा, त्याच्या दुप्पट ६९८. म्हणजे अगदी सांध्याच्या सुरावर पसरट ‘आ’ लावला की सुराचा दुसरा अंश त्या घुमाऱ्याशी जुळतो आणि आवाज हाक मारल्यासारखा जोरकस होतो. गळ्याला हा जोर सुखावतो आणि पुढच्या सुरावर तोच जोर टिकवण्याच्या धडपडीत तो आवळतो. ‘ऊ’चा घुमारा ३०० च्या आसपास, म्हणजे बराच खाली असल्यामुळे ही ओढ तिथे लागत नाही.

म्हणून आधी ‘मू’ किंवा ‘गू’ घेऊन अलंकार करा. ‘ग’ उच्चारताना हवा क्षणभर अडते आणि स्वरतंतू फार धक्का न देता मिटतात, ‘ऊ’ कंठमणी खाली राहू देतो. हे सहज होऊ लागलं की ‘गू’वरून ‘गो’ आणि ‘गो’वरून ‘गा’कडे या. आकार सांध्यापाशी किंचित ‘अ’कडे झुकू द्या, ‘घर’ या शब्दातल्या ‘अ’कडे. तोंड रुंदीला पसरू न देता उंचीला उघडा. ऐकणाऱ्याला तो ‘आ’च ऐकू येतो आणि तुमच्या गळ्याला जागा मिळते. खुल्या आकाराच्या शिस्तीत हे कमीपणाचं मानू नका. मिरजेला राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रणं ऐका, किंवा लता मंगेशकरांची वरच्या सुरांची गाणी ऐका. तार सप्तकात आवाज रुंद होत नाही, तो निमुळता आणि एकाग्र होतो, आणि तरीही खोटा वाटत नाही.

दुसऱ्या गटासाठी: धरण्याचा रियाज

तुम्हाला हवा आहे तो स्वरतंतूंचा नीट मिटलेला आवाज. त्यासाठी ‘न्यॅ’ हा काहीसा कर्कश, चिडवल्यासारखा उच्चार घ्या आणि त्यावर ‘सा ग प ग सा’ करा. आवाज सुंदर येण्याची इथे गरज नाही. त्यातली धार महत्त्वाची आहे, कारण धार आली म्हणजे हवा वाया जात नाही. आवाजाची पातळी बोलण्याइतकीच ठेवा.

ती धार ओळखू आली की ‘न्यॅ’वरून ‘ने’, मग ‘ना’ असं सौम्य करत जा. त्यानंतर सांध्याच्या थोड्या खालच्या सुरावर कुणाला तरी सहज ‘ए!’ म्हणून बोलवा आणि तोच उच्चार लांबवून गा. एकेक स्वर वर सरका. हवा मिसळायला लागली की एक स्वर खाली येऊन पुन्हा सुरू करा.

धार म्हणजे नाकातला आवाज नव्हे. तपासायला ‘आ’ किंवा ‘ई’ लावून ठेवा आणि दोन बोटांनी नाक मिटा. आवाज बदलला तर तो नाकातून जातो आहे. बदलला नाही तर ठीक आहे.

दोघांना जोडणारा व्यायाम

एकाच सुरावर आवाज अगदी बारीक सुरू करायचा, हळूहळू मोठा करायचा आणि पुन्हा तितकाच बारीक करत न्यायचा. इटालियन परंपरेत याला ‘मेस्सा दि वोचे’ म्हणतात. आपल्याकडेही एकेक स्वर असा भरत आणि ओसरवत नेण्याचा रियाज आहे. सांध्याच्या आसपासच्या प्रत्येक सुरावर हे जमलं म्हणजे जाडपणा तुमच्या ताब्यात आला. वाढवताना कोणत्याही क्षणी झटका जाणवला तर तिथपर्यंतच वाढवा. आधी सांध्याच्या दोन स्वर खाली सुरू करा आणि पक्कं झाल्यावरच वर या. हा व्यायाम घाईने केला तर निरुपयोगी आहे, म्हणून तो पहिल्या काही आठवड्यांनंतरच हाती घ्या.

गाण्यात कसं आणायचं

अलंकारात मिळालेला आवाज गाण्यात लगेच येत नाही, कारण शब्द आले की जुनी सवय जागी होते. म्हणून जी ओळ अडते तेवढीच घ्या. ती दोन-तीन पट्ट्या खाली उतरवा. आधी सगळी ओळ नुसत्या ‘गू’वर गा. मग व्यंजनं काढून फक्त तिचे स्वरोच्चार गा. मग शब्दांसह, पण कुजबुजल्यासारखं नाही, शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात गा. हे सहज झाल्यावर एकेक पट्टी चढवत मूळ पट्टीत या आणि शेवटी जोर वाढवा. सांध्याच्या एक-दोन स्वर आधीपासूनच हलकं व्हायला सुरुवात करा. सांध्यावर पोचल्यावर हलकं व्हायला उशीर झालेला असतो. जलद ताना आणि गमक यांना या टापूत सध्या सुट्टी द्या.

नाट्यसंगीताच्या सुरुवातीच्या काळात, १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं तेव्हा, नटाला शेवटच्या रांगेपर्यंत स्वतःच्या छातीच्या बळावर पोचावं लागे. तेव्हाच्या गाण्याची घडण त्या गरजेतून झाली. आज तुमच्यासमोर मायक्रोफोन आहे. वरचा सूर मोठा करण्याचं काम त्याच्यावर सोपवा आणि तुम्ही तो नेमका लावा.

वेळ, विश्रांती आणि धोक्याच्या खुणा

रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरेत: पाच मिनिटं स्ट्रॉ, पाच मिनिटं उतरण्याचा व्यायाम, सात-आठ मिनिटं तुमच्या गटाचा रियाज आणि उरलेला वेळ एका ओळीला. एका बैठकीत शक्य नसेल तर सकाळ-संध्याकाळ निम्मं निम्मं करा. स्नायूंना नवी सवय लावायला थोडा थोडा पण रोजचा सराव उपयोगी पडतो. रविवारी एकदम दोन तास केल्याने गळा फक्त थकतो. खर्जाचा रियाज करत असाल तर तो चालू ठेवा. खालचा आवाज भक्कम असेल तरच वर मिसळायला काही असतं.

रियाजानंतर गळा थोडा दमला असेल, पण बोलण्याचा आवाज आधीसारखाच स्वच्छ असायला हवा. तो घोगरा झाला, गिळताना दुखलं किंवा एरवी सहज लागणारे हलके वरचे सूर लागेनासे झाले, तर त्या दिवशी थांबा. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतूंची तपासणी करून घ्या. स्वरतंतूंवर गाठी असतील तर रियाजाने त्या बऱ्या होत नाहीत, वाढतात. ज्या मुलांचा आवाज नुकताच फुटतो आहे त्यांना वरच्या पट्टीचा आग्रह अजिबात करू नका. त्यांचं स्वरयंत्र वाढत असतं आणि सांधा रोज जागा बदलतो.

प्रगती कशी ओळखायची

दर महिन्याला तीच एक ओळ त्याच पट्टीत ध्वनिमुद्रित करा आणि ऐकताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. सांध्यावर शब्द तितकेच स्पष्ट आहेत का? वरचा सूर खालच्या सुरापेक्षा उगाच मोठा झाला आहे का? उतरताना आवाज धपकन जाड होतो का? चिरकणं पूर्ण थांबण्याच्या कितीतरी आधी या उत्तरांत फरक दिसू लागतो. काहींना तो काही आठवड्यांत दिसतो. गाण्यात निर्धास्तपणे वापरता यायला मात्र बहुतेकांना महिने लागतात. एखादा जाणता गुरू समोर बसून ऐकत असेल तर हा काळ नक्की कमी होतो, कारण स्वतःच्या गळ्यातला ताण स्वतःला फार उशिरा कळतो.

दरम्यान कार्यक्रम आला तर गाणं एक-दोन पट्ट्या खाली घ्या आणि तसं साथीदारांना आधीच सांगा. पट्टी उतरवण्यात कमीपणा नाही. सांधा पक्का झाला की तीच पट्टी पुन्हा वर नेता येते, पण ताणून दुखावलेला गळा सावरायला फार वेळ लागतो.